सणाच्या काठावर

मृत्यू ही आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना अपरिचित गोष्ट नव्हे. मृत्यूचा दाखला कसा लिहावा, नातेवाइकांना ती वार्ता कोणत्या शब्दांत सांगावी, हे आपण शिकतो आणि पुढे विद्यार्थ्यांना शिकवतोही. तथापि दाखला दिल्यानंतर त्या घरात जो काळ सुरू होतो, त्याचा विचार आपल्या अभ्यासक्रमात फारसा आढळत नाही. त्या काळातील रोजचे दिवस कामाच्या ओघात कसेबसे सरतात. सरत नाहीत ते सणाचे दिवस. जोडीदार गमावलेल्या व्यक्तीने त्या दिवशी काय करावे, कोठे जावे आणि मुख्यतः कोठे जाऊ नये, यासंबंधी आपल्या समाजाची मते फार ठाम आहेत. त्या मतांचा फेरविचार व्हावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे. विषय वरवर पाहता लहान आहे: पती किंवा पत्नीच्या निधनानंतर सणाची रोषणाई आणि देखावे पाहण्यास एकट्याने जाणे व त्यांची छायाचित्रे काढणे. असे करण्यात काही अनुचित नाही, त्यात आरोग्याचे हित आहे आणि त्याबद्दल कोणी कोणाकडे स्पष्टीकरण मागू नये, असे माझे मत आहे.

आपणा इंदूरकरांना देखावे म्हटले की अनंत चतुर्दशीची रात्र आठवते. १९२०च्या दशकात हुकुमचंद मिलच्या कामगारांपासून सुरू झालेली झांक्यांची परंपरा पुढे मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार, होप टेक्स्टाइल अशा इतर गिरण्यांनीही उचलली. आजही त्या रात्री पुढे आखाडे, मागे दिव्यांनी लखलखणाऱ्या आणि हलत्या मूर्तींच्या झांक्या, असा तो लवाजमा जेल रोड, कृष्णपुरा, राजवाडा या भागांतून पहाटेपर्यंत सरकत असतो. लोक दुपारपासून ओट्यांवर आणि गच्च्यांवर जागा धरून बसतात. लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, शिदोरीचे डबे घेऊन आलेली खेड्यापाड्यांतील कुटुंबे, मध्येच पोह्यांच्या गाडीपाशी जमलेली गर्दी, हे सारे वाचकांच्या परिचयाचे आहे.

यातील एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. ज्या गिरण्यांच्या नावाने या झांक्या निघतात, त्या गिरण्या आज चालू नाहीत. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. तेथील कामगारांच्या थकीत देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपये देण्याचा प्रसंग २५ डिसेंबर २०२३ रोजी उगवला. म्हणजे मध्ये ३२ वर्षे गेली. देणे मिळण्याची वाट पाहता पाहता कित्येक कामगार दिवंगत झाले. असे असूनही मिलच्या नावाची झांकी निघत राहिली. वर्गणी जमवून, महापालिका आणि विकास प्राधिकरण यांचे अर्थसाहाय्य मिळवून, कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी ती उभी केली. भोंगा वाजायचा थांबला म्हणून दिवे लावायचे थांबले नाहीत, आणि ‘गिरणी गेली, आता सण कसला’ असे त्यांना कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. गमावलेल्या गोष्टीच्या नावाने सजावट करण्याचा अधिकार आपल्या शहराने एका मोठ्या समुदायाला न मागता दिला. तोच अधिकार एकट्या माणसाला देताना आपण का कचरतो, हा माझा प्रश्न आहे.

माझ्या पतींचे फेब्रुवारी २०२२मध्ये निधन झाले. ते अभियंता होते. झांकी पाहण्याची त्यांची रीत जगावेगळी होती. समोरून देखावा पाहून झाला की ते गर्दीतून वाट काढत मागच्या बाजूला जात आणि मूर्तीचा हात कोणत्या मोटारीवर हलतो, ती गती कोणत्या चाकातून येते, हे वाकून पाहत. मला त्या काळी त्यात गोडी नव्हती. करोनामुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे झांक्या निघाल्या नव्हत्या. त्या पुन्हा निघाल्या त्या २०२२च्या सप्टेंबरात. त्या रात्री मी कॅमेरा घेऊन एकटीच गेले, आणि त्यानंतर दरवर्षी जाते. दिवाळीतही राजवाड्यापासून सराफ्यापर्यंतच्या रोषणाईची छायाचित्रे काढत हिंडते.

हे मी खाजगी दुःख मांडण्यासाठी सांगत नाही. त्या पहिल्या रात्री जे अनुभवास आले, ते पुढील विवेचनाला उपयोगी आहे म्हणून सांगते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ एक परिचित बाई भेटल्या. क्षणभर थांबून त्यांनी विचारले, “इतक्यात?” मी उत्तर देण्यापूर्वीच त्यांची नजर माझ्या गळ्यातील कॅमेऱ्याकडे गेली आणि त्या म्हणाल्या, “फोटो काढायला आलात होय? मग ठीक.” त्या बाई वाईट नव्हेत. समाजाच्या मनात जे असते तेच त्यांच्या तोंडून आले. ज्या स्त्रीच्या घरी सात महिन्यांपूर्वी मृत्यू झाला, तिने सण पाहायला येणे त्यांना खटकले. काही कामासाठी येणे चालले. कॅमेरा हा जणू माझा परवाना ठरला. शोकात असलेल्या किती माणसांपाशी असा परवाना असेल, आणि मुळात तो लागावा का?

आता रूढीचा विचार करू. मृत्यूनंतर वर्षभर सण न करण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. ती टाकाऊ आहे, असे मी म्हणणार नाही. जिच्या घरचे माणूस गेले आहे, तिने चकल्या तळाव्यात, आरास करावी, हसतमुखाने हळदीकुंकू करावे, अशी अपेक्षा न ठेवणे यात मोठी समजूत आहे. पहिल्या दिवाळीला नातेवाइकांनी फराळाचे डबे पोहोचवावेत, ही रीत तर फारच सुंदर आहे. तळणीचा भार आप्तेष्टांनी उचलायचा, पण घासभर गोड त्या घरातही जायचे, असा तिचा अर्थ. सुतकाची मुदतही दहा दिवसांचीच धरलेली आहे आणि तेराव्या-चौदाव्या दिवशी गोडाचे जेवण करून त्या कुटुंबाला पुन्हा व्यवहारात आणण्याची प्रथा आपल्याच पूर्वजांनी घातली. म्हणजे सण न करणे ही दुःखी माणसाला दिलेली मुभा होती. पुढे कधीतरी त्या मुभेची बंदी झाली. ‘तुम्हाला करावे लागणार नाही’ याचे ‘तुम्ही करता कामा नये’ असे रूपांतर झाले, आणि ती बंदी पुरुषापेक्षा स्त्रीवर अधिक कठोरपणे लादली गेली. पत्नी गेलेला गृहस्थ पुढच्या वर्षी गणपतीच्या आरतीला उभा राहिला तर लोकांना बरे वाटते. पती गेलेली स्त्री पुढे झाली तर कुजबुज होते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२मध्ये केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. एका लहान गावाला जे सुचले, ते आपल्यासारख्या सुशिक्षितांच्या वस्त्यांत अजून पूर्णपणे रुजलेले नाही, हे मान्य केले पाहिजे.

वैद्यकीय बाजू याहून गंभीर आहे. पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांची पाहणी होती. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक आढळले, आणि त्या वाढीत हृदयविकाराचा वाटा मोठा होता. जपानी संशोधकांनी १९९०च्या सुमारास वर्णन केलेला ‘ताकोत्सुबो’ हा हृदयस्नायूचा विकार तीव्र मानसिक आघातानंतर उद्भवू शकतो आणि तो मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत दिसतो, हेही आपण जाणतो. तेव्हा जोडीदाराचा मृत्यू ही मागे राहिलेल्याच्या दृष्टीने शारीरिक जोखमीची घटना आहे. त्या काळात घराबाहेर पडणे, चालणे, माणसांच्या सान्निध्यात असणे, कशाततरी लक्ष गुंतणे या गोष्टींचे मोल चैनीपेक्षा पुष्कळ अधिक आहे.

येथे मला माझ्या शाखेतील एक निरीक्षण मांडावेसे वाटते. लहान मुलांचा शोक मोठ्यांपेक्षा वेगळा असतो. आई किंवा वडील गेलेले सहा-सात वर्षांचे मूल ओक्साबोक्शी रडते आणि थोड्या वेळाने चेंडू मागते. रात्री पुन्हा रडते. घरातील मोठी माणसे चकित होतात, क्वचित रागावतातही. ‘याला काही कळत नाही’ असे म्हणतात. वास्तविक त्या मुलाला झेपेल तेवढेच दुःख ते एका वेळी उचलते, खाली ठेवते, खेळते आणि पुन्हा उचलते. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी १९९९ साली शोकासंबंधी जी द्विमार्गी मांडणी केली, ती मोठ्यांच्या बाबतीत जवळपास हेच सांगते. शोक करणारा माणूस कधी हानीकडे तोंड करतो, कधी पुढच्या जगण्याकडे. आणि या दोहोंमधील येरझार हीच सावरण्याची नैसर्गिक क्रिया होय. सतत रडणे जितके घातक, तितकेच सतत ‘खंबीर’ राहणेही. मुलांना ही येरझार कोणी शिकवावी लागत नाही. मोठ्यांना ती लोकलज्जेमुळे करता येत नाही. शोकात असलेल्या प्रौढाचा चेंडू कोणता, याचा शोध घेतला पाहिजे. कोणाला तो बागेत सापडतो, कोणाला पेटीवर, कोणाला कॅमेऱ्यात.

याच संदर्भात पालकांच्या एका शंकेचाही उल्लेख करते. घरात मृत्यू झाला म्हणून लहान मुलांचा सणही वर्षभर बंद ठेवावा काय, असे मला अनेकदा विचारले जाते. माझे उत्तर नेहमी नकारार्थी असते. पाचेक वर्षांखालील मुलाला मृत्यू कायमचा असतो हे पुरते उमगत नाही. परंतु आपल्याच दारात आकाशकंदील नाही, हे त्याला नक्की उमगते. त्याला ती शिक्षा वाटते. एखादा कंदील, एखादी पणती, शेजाऱ्यांसोबत झांकी पाहण्याची मोकळीक, एवढे तरी त्याला मिळाले पाहिजे.

आता कॅमेऱ्याविषयी. छायाचित्रणाचे आणि आपल्या शहराचे नाते जुने आहे. पुढे हैदराबादच्या निजामाच्या दरबारात ‘राजा’ झालेले विख्यात छायाचित्रकार लाला दीनदयाल १८६६मध्ये इंदुरात सरकारी नोकरीत आरेखक म्हणून आले, छायाचित्रणाकडे वळले ते येथेच आणि त्यांचे पहिले आश्रयदाते दुसरे तुकोजीराव होळकर. आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा असल्यामुळे छायाचित्र काढणे म्हणजे न पाहणे, अशी टीका केली जाते. ती सर्वस्वी खोटी नाही. लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संग्रहालयातील ज्या वस्तूंची संपूर्ण छायाचित्रे विद्यार्थ्यांनी काढली, त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. परंतु वस्तूचा एखादाच भाग जवळ आणून टिपला असता स्मरणातील ही घट दिसली नाही. दीएल आणि सहकाऱ्यांच्या २०१६च्या अभ्यासात तर छायाचित्रे काढणारे लोक अनुभवात अधिक गुंततात आणि त्यामुळे सुखद अनुभवाचा आनंद वाढतो, असे दिसले. हे प्रयोग शोकग्रस्तांवर केलेले नव्हते. तरीही एक गोष्ट त्यांतून ध्यानात येते: कॅमेरा कसा वापरला, यावर सारे अवलंबून आहे. भराभर टिपत सुटणारा काही पाहत नाही. एका तपशिलापाशी थांबणारा पाहतो.

झांकीचे छायाचित्र काढणे सोपे नाही. रात्रीचा अंधार, डोळे दिपवणारे दिवे आणि हलत्या मूर्ती. प्रकाशासाठी शटर थोडे सावकाश ठेवले की मूर्तीचा हात पुसट येतो. मग ध्यानात येते की वर-खाली होणारा हात दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो. तो क्षण साधण्यासाठी तीन-चार आवर्तने नुसती पाहावी लागतात, श्वास रोखावा लागतो, भिंतीला किंवा खांबाला टेकून हात स्थिर करावे लागतात. तेवढा वेळ मनात दुसरे काही येत नाही. मूर्तीच्या मागील बाजूस गेले की बांबूने वरच्या तारा उचलून धरणारे कामगार दिसतात, जनित्राजवळ झोपी गेलेले पोर दिसते, देखाव्याची न रंगवलेली पाठ दिसते. मीही आता मागे जाऊन पाहते. आपल्या माणसाची जी सवय आपल्याला कळली नव्हती, ती त्याच्या पश्चात हळूहळू कळू लागते, आणि हेही शोकाचेच काम आहे. मानसशास्त्रात यालाच दिवंगताशी नाते चालू ठेवणे असे म्हणतात. तोडून टाकण्यापेक्षा ते बदललेल्या रूपात सांभाळणे अनेकांना अधिक हितकर ठरते.

यावर काही सहव्यवसायी आक्षेप घेतील. पहिला आक्षेप असा की शोकग्रस्ताला एकटे सोडणे धोक्याचे आहे. हा धोका खरा आहे. परंतु एकांत आणि एकाकीपणा यांत भेद केला पाहिजे. बंद खोलीत दिवस दिवस बसून राहणारा माणूस एकाकी आहे. हजारोंच्या गर्दीत कोणाशी न बोलता उभा असलेला माणूस कदाचित त्याला सोसेल तेवढी संगत घेत आहे. ओळखीच्या चार जणांत बसले की चेहरा सांभाळावा लागतो, विचारपुशीला उत्तरे द्यावी लागतात. अनोळखी गर्दीत ते ओझे नसते आणि माणसांची ऊबही मिळते.

दुसरा आक्षेप असा की छंदाच्या नावाखाली आजार झाकला जाईल. त्यासाठी आपण वैद्य आहोतच. २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११मध्ये दीर्घकालीन शोकविकाराची नोंद आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा धरली आहे. त्याच वर्षीच्या डीएसएम-५-टीआरमध्ये प्रौढांसाठी ती बारा महिन्यांची आहे. झोप उडणे, वजन घटत जाणे, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या बंद करणे, कामावर न जाणे, मरणाचे बोलणे, ही लक्षणे दिसताच मुदत न पाहता मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. शासनाची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. कॅमेरा हे औषध नव्हे. पण जो माणूस पुढच्या चतुर्दशीला कोणत्या कोपऱ्यावरून चांगले छायाचित्र मिळेल याचा विचार करतो, तो पुढच्या वर्षाचा विचार करत असतो. माझ्या मते हे सुचिन्ह आहे.

शेवटी आपल्या संस्थेच्या सभासदांपुढे काही सूचना ठेवते. पहिली, आपल्या रुग्णांपैकी कोणाचा जोडीदार गेला असेल तर पुढील भेटीत रक्तदाबाबरोबरच एक प्रश्न अवश्य विचारावा: “येत्या सणाला काय करणार आहात?” उत्तरातून पुष्कळ काही कळते. दुसरी, आपल्या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिका ‘सपत्नीक’ किंवा ‘सहकुटुंब’ एवढ्यापुरत्या न ठेवता एकट्या व्यक्तीच्या नावानेही जाव्यात. जोडीदार गेल्यानंतर पत्रिका यायची थांबते, हा अनुभव आपल्या अनेक सभासदांचा आहे. मुद्दाम वगळले जात नाही, पण यादीतील जोडीचे नाव खोडताना दुसरे नावही खोडले जाते. तिसरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवात पती हयात असण्याची अट आपण डॉक्टर मंडळींनी तरी जाहीरपणे सोडावी. चौथी, दिवंगत सभासदांच्या कुटुंबीयांना गणेशोत्सवात आरतीला आग्रहाने बोलवावे, पण आले नाहीत तर का आला नाहीत, असे विचारू नये.

आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्याच्या एखाद्या कोपऱ्यावर कोणी ओळखीची व्यक्ती एकटीच उभी दिसली, हातात कॅमेरा असो वा नसो, तर ‘इतक्यात?’ असे विचारू नये आणि ‘एकट्याच कशा?’ असेही म्हणू नये. नमस्कार करावा, चहा घेणार का, एवढे विचारावे. हो म्हटले तर सोबत चहा घ्यावा. नको म्हटले तर पुढची झांकी येत आहे, तिला वाट करून द्यावी.